सारखं

आमच्या घरी उंदराचा पिंजरा होता. लोखंडी जाळीचा, आत हूक, हुकाला खोबऱ्याचा तुकडा नाहीतर आदल्या दिवशीचं भजं. खोबरं लावायचं तर आधी विस्तवावर जरा भाजून घ्यायचं, म्हणजे वास सुटतो. रात्री कधीतरी ‘खट्’ असा आवाज यायचा आणि सकाळी वडील सायकलच्या हँडलला पिंजरा अडकवून ओढ्यापलीकडे उंदीर सोडून यायचे. त्यापुढचं काम आईचं. ती बंबातलं कढत पाणी पिंजऱ्यावर ओतायची, राखेनं घासायची आणि दिवसभर उन्हात ठेवायची. “पहिल्याचा वास राहिला की दुसरा आत शिरत नाही. शहाणी जात आहे ती.”

पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात मला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं, की एका प्राण्याची चाचणी झाली की सगळी चौकट सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसायची, वाळू द्यायची आणि मगच दुसरा प्राणी सोडायचा. असं का, हे सीनियर समजावून सांगायला लागली तेव्हा मला हसू आलं. तिला वाटलं मी आगाऊ आहे.

मी उंदरांच्या वागण्याचा अभ्यास करते. म्हणजे मेंदूचा अभ्यास करते, पण दिवसातले तास मोजले तर उंदीर बघण्यात जास्त जातात. मराठीत ‘उंदीर’ हा शब्द फार ऐसपैस आहे. घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी, पण इंग्रजीतले रॅट आणि माऊस आपल्याकडे एकाच बिळात राहतात. लॅबमध्ये तसं चालत नाही. रॅट पाव किलोच्या पुढचा, दणकट, पोहणारा. माऊस वीस-पंचवीस ग्रॅमचा, मुठीत मावून वर जागा उरेल एवढा. म्हणून मराठीत बोलतानाही आम्ही ‘माइस’ म्हणतो, आणि त्याहून जास्त वेळा ‘ॲनिमल्स’. “आज किती ॲनिमल्स आहेत?” “वीस.” आणखी एक शब्द आहे, ‘सॅक’. सॅक्रिफाइसचा तो लॅबमधला तुकडा. एकदा फोनवर मी कुणाला तरी म्हणाले, “उद्या सगळे सॅक करायचेत,” तर आईनं विचारलं, “कुठं चाललीयस, ट्रेकला?”

आईला माझं काम समजावून सांगणं हा वेगळाच प्रकल्प होता. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, “दिवसभर करतेस काय नक्की?” मी खरं ते सांगितलं, “लेंड्या मोजते.” त्यावर बराच वेळ फोन शांत होता. पण ते खरंच होतं. १९३४ साली कॅल्व्हिन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं रॅटना उजेडातल्या मोकळ्या गोल रिंगणात सोडलं आणि ते किती मलमूत्र टाकतात हे नोंदवलं. घाबरलेला प्राणी जास्त टाकतो, असा त्याचा हिशोब. या चाचणीला आज ओपन फील्ड म्हणतात. आता वरून कॅमेरा असतो आणि प्राणी किती सेंटिमीटर चालला, कडेकडेनं किती आणि मधोमध किती, हे संगणक सांगतो. तरी आमच्या तक्त्यात लेंड्यांचा रकाना अजून आहे, आणि तो भरायला कॅमेरा येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळची चाचणी म्हणजे प्लस मेझ. जमिनीपासून अर्धा मीटर उंचावर अधिकच्या चिन्हासारखी चौकट. चार हात, प्रत्येक साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. समोरासमोरच्या दोन हातांना उंच भिंती, उरलेल्या दोघांना काहीच नाही, नुसती फळी आणि खाली पोकळी. उंदराला मधल्या चौकात ठेवायचं आणि आपण पडद्यामागे जायचं. पाच मिनिटं. १९८५ मध्ये ही चाचणी रॅटसाठी पक्की झाली आणि १९८७ मध्ये माऊससाठी. त्यामागचा विचार साधा आहे. उंदराला उघड्यावर जायची भीती वाटते आणि उघड्यावर काय आहे ते बघायची ओढही असते. भीती घालवणारी, डायझेपामसारखी औषधं दिली की तो उघड्या हातांवर जास्त वेळ काढतो.

कागदावर याचा एक आकडा होतो. उघड्या हातांवर इतके सेकंद. पडद्यावर दिसतं ते मात्र आकड्याच्या बाहेरचं असतं. उंदीर भिंतींमधून तोंडाशी येतो. मागचे दोन्ही पाय आत घट्ट रोवलेले, आणि अंग पुढे लांबायला लागतं. मान, मग खांदे, मग पाठ. आपल्याला वाटतं आता संपलं, तरी आणखी एक बोटभर. पोट फळीला टेकलेलं, मिशा सेकंदाला किती वेळा हलतायत ते डोळ्यांना दिसतच नाही, नुसती धूसर थरथर. पुढचा एक पंजा उचललेला. आता पडेल पाऊल, आता पडेल. आणि एकदम सगळा उंदीर रबर सोडल्यासारखा मागे. भिंतीच्या आत जाऊन तो तोंड धुतो, दोन्ही पंज्यांनी, कानामागून पुढे. परत येतो. परत तेच लांबणं. असं पाच-सहा वेळा झालं की कधीतरी मागचा एक पाय सुटतो, आणि मग तो फळीच्या टोकापर्यंत जाऊन कडेवरून खाली डोकावतो. मला तिथे दर वेळी धस्स होतं. काहीजण खरोखर पडतात. पडलेला प्राणी हिशोबातून बाद.

हे सगळं बघितल्यावर शोधनिबंधात ‘उंदीर घाबरला’ असं लिहिता येत नाही. आम्ही लिहितो ‘अँक्झायटी-लाइक बिहेवियर’. चिंता नव्हे, चिंतेसारखं वर्तन. औदासीन्य नव्हे, औदासीन्यासारखं. उंदराच्या आत काय चाललंय हे तो सांगू शकत नाही, आणि आपण त्याच्या वतीनं बोलायचं नाही. पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘सारखं’ विसरले होते. गाईडनी लाल पेननं सतरा ठिकाणी तो शब्द घातला. तेव्हा मला तो वकिली शब्द वाटला होता, बचावाचा. आता तसा वाटत नाही.

मराठीत ‘सारखं’ म्हणजे एकसमानही. आमचे उंदीर तसे सारखे असतात. काळ्या रंगाचा जो माऊस जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरला जातो, त्याचं नाव सी-५७-ब्लॅक-६. त्याचं मूळ सापडतं ॲबी लॅथ्रॉप या बाईंच्या गोठ्यात. गोठाच म्हणायचा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात त्या उंदीर पाळायच्या आणि विकायच्या. आधी शाळेत शिक्षिका होत्या. हौसेनं उंदीर पाळणारे लोक हे त्यांचं गिऱ्हाईक, आणि मग हार्वर्डकडचे शास्त्रज्ञ मागणी करायला लागले. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये बाईंच्या कळपातून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून ही ओळ सुरू केली. त्याच लिटलनी १९२९ मध्ये मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी काढली. सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग वीस पिढ्या केला की वाण ‘इनब्रेड’ म्हणवला जातो. सी-५७ केव्हाच त्यापलीकडे गेला आहे. आमच्या लॅबमधले दोन काळे उंदीर हे एकमेकांचे भाऊ नाहीत, जवळजवळ जुळे आहेत. आणि तिकडचे नि इकडचेही.

पण पिंजऱ्यात पाच जुळे ठेवून बघा. एक कायम घरट्याचे कागद ओढत असतो. एक दुसऱ्यांच्या मिशा कुरतडून काढतो, म्हणजे पिंजऱ्यात चौघे बिनमिशांचे आणि एक मिशीवाला दिसला की मालक कोण ते कळतं. एक पाण्याच्या बाटलीखालीच झोपतो. जर्मनीत ड्रेस्डेनला यावर एक फार देखणा प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. जनुकांनी एकसारखे असे ४० उंदीर एका मोठ्या, अनेक मजली पिंजऱ्यात सोडले. नळ्या, जिने, खेळणी. प्रत्येकाच्या अंगात ओळखचिप. तीन महिने कोण कुठे जातं ते नोंदवलं. सुरुवातीला सगळे जवळपास सारखे हिंडत होते आणि दिवस गेले तसतसे ते एकमेकांपासून वेगळे होत गेले. काही भटके झाले, काहींनी आपला कोपरा धरला. जे जास्त आणि निरनिराळ्या जागी फिरले त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, नव्या चेतापेशीही जास्त आढळल्या. जनुकं तीच, पिंजरा तोच. चाळीतल्या एकाच खोलीत वाढलेल्या भावंडांबद्दल आपण जे बोलतो तेच, फक्त आलेखासकट.

आता उलटा प्रकार. १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि ड्युडेक या तिघांचा निबंध आला. आमच्या क्षेत्रात तो प्रत्येकाला पहिल्या वर्षी वाचायला लावतात, आणि खरं तर दर वर्षी लावायला हवा. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी अशा तीन गावांतल्या तीन प्रयोगशाळांनी ठरवून सगळं सारखं केलं. उंदरांचे वाण तेच, वय तेच, खाद्य तेच, चाचण्यांची यंत्रं तीच, क्रम तोच, दिवसाची वेळ तीच. बारीकसारीक गोष्टींवर त्यांनी जी मेहनत घेतली ती लग्नाच्या यादीला लाजवील. तरीही निकाल जुळले नाहीत. काही फरक तिन्हीकडे दिसले, पण काही एका ठिकाणी दिसले आणि दुसरीकडे गायब. एडमंटनचे उंदीर सरासरीनं जास्तच धावत होते. का? नक्की सांगता आलं नाही. काहीतरी सारखं करायचं राहून गेलं होतं, आणि ते काय हे यादीत नसल्यामुळेच राहिलं होतं.

मला वाटतं, यादीत माणूस लिहायचं राहतं.

आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये एक काका आहेत. निवृत्तीला आलेले. पिंजरे बदलणं, मक्याच्या कणसाचा भुसा भरणं, पाण्याच्या बाटल्या, खाद्याच्या कांड्या हे त्यांचं काम. हातमोजे घालतात, मास्क घालतात, नियमात जे असेल ते करतात, पण उंदीर उचलताना शेपटीला हात लावत नाहीत. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून खालून उचलतात, ओढ्यातलं पाणी घ्यावं तसं. मला सीनियरनं शेपटी धरायला शिकवली होती. बुडख्याशी धरायचं, टोकाशी नाही, नाहीतर कातडी सुटते. सगळेच तसं करायचे. भराभर होतं. माझ्या हाताला पहिल्या सहा महिन्यांत चार वेळा दात लागले. काकांना गेल्या कित्येक वर्षांत एकदाही नाही.

“मॅडम, तुम्हाला कुणी शेपटाला धरून उचललं तर?” त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, “मला शेपूट नाहीये.” ते म्हणाले, “म्हणून बरंय.”

लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१० मध्ये हेच मोजून दाखवलं होतं. शेपटीनं उचललेले उंदीर हात दिसला की लांब पळतात आणि प्लस मेझमध्ये जास्त चिंताग्रस्त निघतात. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले उंदीर उलट हाताजवळ येतात. म्हणजे चिंता मोजायला आपण उंदीर उचलतो, आणि उचलण्यातच ती त्याच्यात ओततो. हे मी वाचलं तेव्हा माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं. निबंधाची प्रत छापून मी काकांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून आकृत्या बघितल्या आणि परत दिली. “इंग्रजीत आहे म्हणजे खरं असणार.”

त्याच सुमाराला आणखी एक वाचलं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांची प्रयोगशाळा वेदनेवर काम करते. २०१४ मध्ये त्यांनी छापलं, की पुरुष संशोधक खोलीत असला की उंदीर वेदना कमी दाखवतात. बाई असली तर तसं होत नाही. मग पुरुष नको, त्यानं वापरलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरीही तेच. वेदना कमी झाली नव्हती, पुरुषी वासानं ताण इतका चढला होता की दुखणं दबलं होतं. ही बातमी आमच्या लॅबमध्ये आली त्या दिवशी सगळ्या मुली दिवसभर फार आनंदात होत्या. मुलांपैकी एकानं डिओ बदलला.

आणि जुनी गोष्ट तर आणखी मजेची. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना रॅट वाटले. काहींना सांगितलं हे हुशार वाणाचे आहेत, काहींना सांगितलं हे मंद आहेत. प्रत्यक्षात सगळे एकाच कळपातले, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. पण ‘हुशार’ रॅट चक्रव्यूहात खरंच सरस ठरले. ज्यांना हुशार मिळाले होते त्यांनी नंतर सांगितलं, की आम्ही त्यांना जास्त हाताळलं, जास्त मायेनं. वर्गातल्या हुशार मुलांच्या पहिल्या बाकाची गोष्ट यापेक्षा वेगळी नसते, पण तिथे तुलनेला नियंत्रण गट नसतो.

माझी स्वतःची फजिती मात्र हातामुळे नाही झाली. ती ढोलामुळे झाली.

प्लस मेझची खोली सगळ्या लॅबमध्ये मिळून एकच. सकाळच्या वेळा सीनियर लोकांनी धरलेल्या, मला मिळाली संध्याकाळ. वीस उंदीर, दहा नुसत्या सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, दहा औषधाचे. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग पुसणं-वाळवणं धरून दहा. साडेचारला सुरू केलं की आठला दहा कमी असताना संपायचं. आणि मी नवखी असल्यामुळे एक घोडचूक केली. गोंधळ नको म्हणून आधी सगळे सलाइनवाले घ्यायचे आणि मग सगळे औषधवाले. नीटनेटकं. तक्ता सुद्धा सुंदर दिसायचा. दिवस जुलै-ऑगस्टचे.

निकाल इतका स्वच्छ आला की मी दोनदा गणित केलं. औषध दिलेले उंदीर उघड्या हातांवर जवळजवळ जातच नव्हते. औषधानं चिंता वाढते! लॅब मीटिंगमध्ये मी तो आलेख दाखवला तेव्हा गाईड खुर्चीत पुढे सरकून बसले, आणि ज्यांनी हे कधी अनुभवलं आहे त्यांना माहीत आहे की त्या एका हालचालीवर माणूस सहा महिने काढू शकतो. मी आईला फोन केला. तिला काय झालं ते कळलं नाही, पण तिनं साखर वाटली.

चार दिवसांनी काका पिंजऱ्यांची ट्रॉली ढकलत आले. मी पडदा लावत होते. “ताई, ढोल सुरू व्हायच्या आत उरकत जा की. सहानंतर ती पोरं पिंजऱ्यातसुद्धा एका कोपऱ्यात बसतात.”

कुठले ढोल, असं मी विचारणार होते, पण विचारायला लागलं नाही. पुण्यात राहणाऱ्याला ते ऐकूच यायचे थांबतात. कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या मैदानावर एका पथकाचा गणपतीसाठी सराव चालायचा, सहा वाजले की सुरू. माझा पहिला औषधवाला उंदीर चौकटीवर चढायचा सहा वाजून दहा मिनिटांनी. (गणपतीच्या वाहनाचा विनोद मी इथे करत नाही. आमच्याकडे तो दर भाद्रपदात कुणीतरी करतंच.)

त्या संध्याकाळी मी चौकटीवर उंदीर ठेवला नाही, तळवा ठेवला. उंदराचा कान आपल्यापेक्षा फार वरचे आवाज ऐकतो. आपली मजल २० हजार हर्ट्झला संपते, त्याची त्याच्या कितीतरी पुढे जाते. खालचे, घुमणारे आवाज त्याला फारसे ऐकू येत नाहीत. पण फरशीतून टेबलात, टेबलातून चौकटीच्या पायात आणि पायातून फळीत काय येतं याला कान लागत नाही. तळव्याला अगदी बारीक, मोबाईल व्हायब्रेटवर असताना बाकाला लागतो तशी थरथर लागत होती. ताशाची तर्री सुरू झाली की ती दाट व्हायची. खाली पोकळी, वर फळी थरथरतेय, आणि वीस ग्रॅमचा जीव. मी असते तर मीही भिंतीच्या आतच बसले असते.

पुढच्या तुकडीला क्रम मिसळला. एक हा, एक तो, कोण कुठल्या गटातला हे मला कळणार नाही अशा खुणा, आणि सहाच्या आत काम बंद, मग दोन दिवस लागोत. औषधाचा परिणाम नाहीसा झाला. वाढही नाही, घटही नाही. मी गाईडना सांगितलं तेव्हा ते मागे टेकून बसले. मग म्हणाले, “छापण्याआधी कळलं हे नशीब.” वाईट वाटलं त्यांना, लपवलं नाही त्यांनी. मला त्या वाक्याचा आधार नंतर बरेच दिवस पुरला. डोंगर पोखरून उंदीर काढायचा म्हणतात. मी उंदीर पोखरून ढोल काढला होता.

त्यानंतर मी पाण्याच्या चाचणीकडे वळले. रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला असताना १९८१ मध्ये ती आणली. गोल हौद, पाणी पांढरं केलेलं, त्या काळी चक्क दूध घालून. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटं व्यासपीठ, वरून न दिसणारं. भिंतींवर खुणा. रॅट पोहत सुटतो, कधीतरी पायाला व्यासपीठ लागतं, आणि दिवसेंदिवस तो भिंतीवरच्या खुणांवरून थेट तिकडे जायला शिकतो. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पसला इजा झालेले रॅट हे शिकू शकत नाहीत. त्या निबंधावर जॉन ओकीफ यांचंही नाव होतं. जागा ओळखणाऱ्या पेशींसाठी २०१४ चं नोबेल मिळालं ते हेच, मोझर पती-पत्नींबरोबर.

आमचा हौद चार फुटांचा. पांढरा पोस्टर कलर, लहान मुलांचा, विषारी नसलेला. डिसेंबरात पुण्याच्या नळाला हात लावता येत नाही, म्हणून गीझरच्या बादल्या ओतून पाणी २२-२३ अंशांवर आणायचं. फार कोमट करायचं नाही, नाहीतर पोहायची निकड राहत नाही. साठ सेकंदांत सापडलं नाही तर हातानं वाट दाखवून व्यासपीठावर न्यायचं, तिथे पंधरा सेकंद बसू द्यायचं, की बाबा बघ, कुठे आहेस. (एक धडा आधीच घ्यावा लागतो. काही वाण, जसे सी-३-एच, जन्मतःच अशी जनुकं घेऊन येतात की काही आठवड्यांत दृष्टी जाते. खुणा दिसतच नसलेल्या प्राण्याला विसराळू ठरवायला वेळ लागत नाही.)

त्या तुकडीत एक होता, कानाला दोन टोचे असलेला. पहिल्या दिवशी तो पोहला. दुसऱ्या दिवशीपासून त्यानं पोहणं सोडलं. हौदात सोडला की चारही पाय पसरून तरंगायचा, शेपूट सरळ, नाक वर, हळूहळू गोल फिरत. पंचावन्न, छप्पन्न. साठाव्या सेकंदाला मी हात पाण्यात घातला की तो सरळ हाताकडे यायचा आणि मनगटापर्यंत चढून बसायचा. ओला, कापत, नखं हातमोज्यात रुतवून. व्यासपीठ कुठे आहे हे त्याला शिकायचंच नव्हतं. साठ सेकंदांनी हात येतो, हे तो शिकला होता. माझ्या दृष्टीनं तो वर्गात पहिला आला. नियमाप्रमाणे मी त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘नॉन-परफॉर्मर, वगळला’.

तरंगण्यावरून आठवलं. एक चाचणी मी केली नाही, आणि करायची वेळ आली तेव्हा नाही म्हटलं. १९७७ साली पोर्सोल्ट यांनी आणलेली. पाण्यानं अर्धं भरलेलं काचेचं उभं भांडं, बाहेर यायला वाट नाही. उंदीर आधी धडपडतो, मग थांबून नुसता तरंगतो. सहा मिनिटांतल्या शेवटच्या चारांत तो किती वेळ निश्चल राहिला ते मोजायचं. औदासीन्यावरच्या गोळ्या दिल्या की तो जास्त वेळ धडपडतो. निश्चलतेला तेव्हा नाव दिलं ‘हताशा’. त्या चाचणीनं औषधं शोधायला मदत झाली, हे मी नाकारत नाही. पण बाहेर वाट नाही हे कळल्यावर शक्ती राखून तरंगणं याला हताश म्हणायचं की शहाणं, यावर आता बरेच शास्त्रज्ञ भांडतात, आणि माझं मत दोन टोच्यांच्या उंदरानं पक्कं केलं होतं. गाईडनी फार ताणलं नाही. प्रत्येक प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे अर्ज जातो, त्यात किती प्राणी आणि का, याचं उत्तर द्यावं लागतं. त्या अर्जातला तो परिच्छेद आम्ही गाळला. एवढंच. पुढच्या खोलीतल्या लॅबमध्ये ती चाचणी चालूच होती.

माझेही उंदीर शेवटी सॅकच झाले, हेही लिहायला हवं. भूल देऊन, नियमाप्रमाणे. मेंदू बाहेर काढला की तो वाटाण्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असतो, मऊ, फिकट गुलाबी. त्या दिवशी काका ट्रॉली घेऊन येतात, रिकामे पिंजरे नेतात, आणि काही बोलत नाहीत. एरवी त्यांचं तोंड बंद नसतं.

मागच्या दिवाळीत घरी जाताना मी हार्ड डिस्क नेली होती. शेवटच्या तुकडीचे व्हिडिओ हातानं मोजायचे राहिले होते. संगणक सेंटिमीटर मोजतो, पण अंग लांबवून परत फिरणं त्याला नीट मोजता येत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. ओट्याशी शेव पाडून झाल्यावर आई पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. “सारखी त्यातच असतेस,” म्हणाली, आणि मग तीही बघायला लागली. पडद्यावर भिंतींच्या तोंडाशी एक उंदीर. मागचे पाय आत. अंग लांबत चाललेलं.

“घाबरलंय गं ते.”

“असं म्हणता येत नाही, आई.”

“मग काय म्हणायचं?”

“घाबरल्यासारखं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. उंदरानं पंजा उचलला होता. “औषधाचं आहे का साधं?”

“मला माहीत नाही. कोड फोडायचाय अजून.”

“जाईल बघ आता,” आई म्हणाली. आम्ही दोघी पुढे झुकलो. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली. पडद्यावरचं पाऊल अजून हवेतच होतं, आणि माझं बोट स्पेसबारवर.